भूगोलाच्या खोलीची कडी

१

मला शाळेत बोलावणं आलं तेव्हा दोन मुली दोन खोल्यांत अडकलेल्या होत्या. एकीनं भूगोलाच्या खोलीत शिरून आतून कडी लावून घेतली होती. दुसरीला पर्यवेक्षकांच्या खोलीत बसवून बाहेरून कुलूप घातलं होतं. दोघी दहावीतल्या, लहानपणापासून एका बाकावर बसणाऱ्या. आणि शाळा सुटायच्या आत हेडसरांना एका कागदावर माझी सही हवी होती.

मी या शाळेची वकील. लहानथोर सगळे मला वकीलबाई म्हणतात. शाळेचे पैसे घेते म्हणजे शाळा म्हणेल त्याला मान डोलवायची, असा हेडसरांचा समज आहे, आणि खरं सांगायचं तर तो दूर करायची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती.

"थोडक्यात सांगतो," हेडसर म्हणाले. मी पर्स खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पाणी मागवलं. त्यांचं थोडक्यात म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

त्या पाल्हाळातून जे निघालं ते असं. मुलांचं फोनवर एक पान आहे, नाव 'मागचा बाक'. तिथे कुणीही नाव न सांगता लिहावं. लिहिलेलं आपोआप सगळ्यांना दिसतं. वर्षभर तिथे शाळेची सालटी काढणं चाललं होतं. काल, रविवारी, तिथे एक मजकूर आला. आज सकाळी काही पोरांनी तो व्हरांड्यात मोठ्यानं, अडखळण्याची नक्कल करत वाचला. ज्या मुलीवर तो होता तिनं दप्तर तिथेच टाकलं आणि समोर जी खोली उघडी दिसली तीत शिरली. तिला घरीदारी चिऊ म्हणतात. चिऊ अडखळत बोलते, आणि घाबरली की तेवढंही बोलत नाही. सकाळपासून आतून शब्द आला नव्हता.

हेडसरांनी फोन माझ्यापुढे धरला. मजकूर असा होता:

'आमच्या शाळेत बोलणाऱ्यांचे तीन नमुने आहेत. पहिले शिट्टीसर. ते बोलतच नाहीत, नुसती शिट्टी वाजवतात, आणि आम्हाला सगळं समजतं. आणि मग ती मुलगी. तिला नाव विचारा आणि खुशाल डबा खायला जा. हात धुऊन परत याल तेव्हा ती पहिल्या अक्षरावरच असेल. हजेरीला ती "हजर" म्हणेपर्यंत तास संपतो, त्यामुळे ती रोज येते आणि रोज गैरहजर असते. तिच्याशी भांडायची कुणाची हिंमत नाही, कारण भांडण संपतच नाही.'

वाचताना मला हसू आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"आणि हे त्या दुसरीनं लिहिलंय?"

"झिपरीनं. पान तिचंच आहे." शनिवारी तासाला फोन वाजला म्हणून झिपरीचा फोन पर्यवेक्षकांनी जप्त करून हेडसरांच्या कपाटात टाकला होता. आज सकाळपासून तो कपाटात थरथरत होता. उघडून पाहिलं तर 'मागचा बाक' चालवणाऱ्यालाच येतात त्या सूचनांची रांग लागलेली.

"म्हणजे काल तिच्याकडे फोन नव्हता."

"घरात दुसरा नसेल कशावरून? आणि त्या पानावर कोण काय लिहितं ते कळायला महिने जातील, वकीलबाई. इथे फाटकाशी पालक जमलेत."

सहीचा कागद त्यांनी तयारच ठेवला होता. 'एका विद्यार्थिनीला लक्ष्य करून तिचं शाळेत येणं अवघड केल्याबद्दल' झिपरीला शाळेतून काढण्यात येत आहे, दाखल्यावर तसा शेरा मारण्यात येत आहे. परीक्षा तोंडावर होती. आता काढली तर तिचं वर्ष गेलंच, आणि तो शेरा पाहून दुसरी शाळा तिला दारात उभी करणार नव्हती. कागदावरचं ते 'लक्ष्य करून'चं वाक्य मला ओळखीचं वाटलं, पण कुठे ऐकलं ते आठवेना.

"आधी तिचं कुलूप काढा. मुलगी आहे ती, सायकल नाही," मी म्हणाले. "सहीचं मग बोलू."

२

पर्यवेक्षकांनी किल्ली फिरवली. गळ्यात दोरीला शिट्टी, चेहऱ्यावर कायमचा वैताग, असा तो उंच माणूस माझ्याशी एक शब्द न बोलता बाजूला झाला.

आत झिपरी टेबलावर डोकं टेकून बसली होती. तिच्या केसांकडे पाहिलं की नाव कुणी ठेवलं असेल हा प्रश्न पडत नाही. तिच्यापुढे कोरा कागद आणि पेन होतं.

"दार उघडलंय. जा हवं तर घरी," मी म्हणाले.

"गेले तर म्हणतील पळाली. बसले तर म्हणतील हिनंच केलं, म्हणून गप्प बसलीय." ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही कुणाच्या वकील?"

"शाळेच्या."

"मग मला काय विचारता?"

"तू शाळेत नाहीस का?"

त्यावर ती जरा सरळ बसली. कोऱ्या कागदाचं तिनं सांगितलं. हेडसरांनी तिला सौदा दिला होता. शाळेबद्दल आजवर त्या पानावर कुणी-कुणी लिहिलं त्यांची नावं लिहून दे, मग तुला सोडतो. तिला दोघातिघांची माहीत होती. सकाळपासून ती त्या कागदाकडे बघत बसली होती.

"नावं दिली तर मी सुटेन, ते अडकतील. नाही दिली तर मी आहेच अडकलेली."

"आणि चिऊ?"

झिपरीनं कागद दूर सारला. "तिनं माझ्यासाठीही दार उघडलं नाही. तिला वाटतंय मीच केलं. वकीलबाई, माझा एक नियम आहे. मोठ्यांवर काहीही लिहा, मी हात लावत नाही. पोरांपैकी कुणाला चिडवलं की दिसताक्षणी पुसते. मध्यरात्री उठून पुसलंय मी. पण काल माझा फोन त्या कपाटात होता. मी काय दातांनी पुसणार?"

हा नियम शाळेला जमला असता तर मला यावं लागलं नसतं, असं माझ्या मनात आलं. मोठ्यांना बोललेलं आणि लहानांना छळलेलं एकाच पोत्यात भरायचं, हीच शाळेची सवय.

मी तिला विचारून माझ्या फोनवर तिच्या पानावरचे जुने मजकूर उघडले. ज्या मजकुरानं हेडसरांची झोप उडाली होती तो आधी वाचला. 'आपल्या शाळेला दुसरा जिना आहे. आपण तो कधी पाहिला का? नाही, कारण त्याला कुलूप आहे आणि आत मोडकी बाकं रचलीत. आग लागली तर आपण त्या बाकांवर बसून वाट बघायची.' हा मजकूर संस्थेच्या लोकांपर्यंत पोचला होता, आणि त्यांनी हेडसरांची चांगली कानउघाडणी केली होती. नंतरचे मजकूर वाचले. आपलं मैदान. आपल्या नळाचं पाणी. आपल्याला कोण विचारतो.

मी पुन्हा कालचा मजकूर उघडला आणि पहिल्याच शब्दावर थांबले.

"झिपरे, या पानावर कधी कुणी 'आमच्या शाळेत' असं लिहिलंय?"

"कशाला लिहील? वाचणारे सगळे इथलेच. आपल्या शाळेत, असंच लिहिणार ना."

घरात आपण 'आपलं घर' म्हणतो आणि पाहुण्याला 'आमचं घर' सांगतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. हा मजकूर ज्यानं लिहिला तो पाहुण्यांशी बोलत होता. म्हणजे तो 'मागच्या बाका'साठी लिहिलेलाच नव्हता.

३

बाहेरच्या लोकांना शाळेची गंमत कोण आणि कधी सांगतं? मी पर्यवेक्षकांना विचारलं. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक जाहिरात चिकटवली होती: आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा, विषय 'आमची शाळा'.

स्पर्धेचं काम भाषेच्या बाईंकडे होतं. त्या तरुण होत्या, वर्षाच्या कराराने लागलेल्या, आणि शिक्षकांच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी दार लावून घेतलं तशा त्या वळल्या. माणूस बोलायला टेकला आहे हे मला पटकन कळतं. आयुष्यभर तेच बघत आलेय.

"हा मजकूर तुम्ही आधी वाचलाय," मी म्हणाले.

"नाही."

"बाई, खोटं बोलायचं तर निदान खिडकीबाहेर बघू नका."

त्या मटकन बसल्या. "माझी नोकरी जाईल."

"आणि नाही बोललात तर?"

"तर त्या पोरीचं वर्ष जाईल. सकाळपासून माझं हेच चाललंय. इकडे भिंत, तिकडे भिंत." त्यांनी तोंडावर हात ठेवला. "चिऊनं लिहिलंय ते."

"चिऊनं? कुणावर?"

"स्वतःवर."

क्षणभर मीच वकिली विसरले. बाई सांगत होत्या. चिऊच्या आईनं स्पर्धेला साफ नाही म्हटलं होतं, लोक हसतील म्हणून. चिऊनं गुपचूप भाषण लिहून बाईंना दिलं. लोक हसणारच आहेत, तर मी म्हणेन तिथे हसू देत, असं ती म्हणाली होती, आणि एवढं म्हणायला तिला बराच वेळ लागला होता. भाषणाचा शेवट होता, 'ती मुलगी मीच. तुम्हाला घाई नाही ना?'

"पण पानावर हे शेवटचं वाक्य नाही."

"ते मी काढलं." बाई रडायला लागल्या. "निवडीचा नियम आहे. कुणाचं भाषण ते परीक्षकांना मजकुरावरून कळता कामा नये. भाषणात परत घालू, असं चिऊला सांगितलं होतं मी. मी फक्त नियम पाळला हो."

शेवटचं वाक्य गेलं आणि स्वतःवर हसणारी मुलगी दुसऱ्यांनी हसायची वस्तू झाली. आता चिऊची कडी मला कळली. भाषण तिनं फक्त बाईंना दिलं होतं. तिच्या हिशेबानं एकतर बाईंनी दगा दिला होता, नाहीतर बाईंनी झिपरीला दाखवलं होतं. आणि भाषण माझंच म्हणून सांगावं तर आई दाराबाहेर बसलेली. ती बोलणार कुणाशी?

"शेवट कापलेलं भाषण तुम्ही कुणाला दिलंत?"

"शुक्रवारी ऑफिसात ठेवलं. हेडसर आणि पर्यवेक्षक दोघे निवड करणार होते. दोघांना हाताशी येईल असं."

"दोघांना माहीत होतं, ते कुणाचं?"

"नाव नव्हतं. पण वकीलबाई, या शाळेत अडखळणारी मुलगी एकच आहे, आणि तिच्यावर असं लिहून स्पर्धेला द्यायची हिंमत तिच्याशिवाय कुणाची होणार?"

४

म्हणजे पोरं बाजूला राहिली आणि तीन मोठी माणसं उरली: बाई, पर्यवेक्षक आणि हेडसर. आणि मला हेडसरांच्या कागदावरचं ते वाक्य मी कुठे ऐकलं होतं हे आता आठवलं. ते माझंच होतं.

जिन्याच्या मजकुरानंतर हेडसर आणि पर्यवेक्षक माझ्याकडे आले होते. पान बंद करायचं, पोरांना काढायचं, म्हणत होते. मी त्यांना झाडलं होतं. शाळेला नावं ठेवली म्हणून मुलाला काढता येत नाही, म्हणाले. ते त्याचं मत आहे. मत मांडायला तो तुमची परवानगी घ्यायला बांधलेला नाही. मात्र उद्या कुणी एखाद्या विद्यार्थिनीला लक्ष्य करून तिचं शाळेत येणं अवघड केलं, तर गोष्ट वेगळी. तिथे शाळेनं हातावर हात ठेवून बसून चालणार नाही.

मी रस्ता बंद करायला गेले होते आणि जाताना पळवाट दाखवून आले होते. पान बंद पाडायला काय लागतं ते त्या दोघांनाच नेमकं ठाऊक होतं. बाई त्या दिवशी तिथे नव्हत्या. मला स्वतःचा असा राग फार वर्षांत आला नव्हता.

पर्यवेक्षक जिन्यापाशी उभे होते. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "भाषणांचा गठ्ठा तुम्ही वाचलात?"

"नाही. वाचायचा होता, राहिला."

"ते कोण मान्य करेल?"

"नका करू." ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग एकदम म्हणाले, "बावीस वर्षं झाली मला इथे. पोरं मला शिट्टीसर म्हणतात, हे मला आज कळलं. तो मजकूर वाचून. सगळ्या शाळेसमोर." त्यांचा चेहरा पडला होता. "मला पान नकोच होतं, लपवत नाही. पण मी ते टाकलं असतं, वकीलबाई, तर स्वतःची शिट्टी आत ठेवली असती का? एवढा तरी शहाणा आहे मी. ते वाक्य आधी उडवलं असतं."

मी "हो" म्हणाले, चार पावलं गेले आणि तिथेच उभी राहिले. फोन काढून तो मजकूर पुन्हा वाचला. तीन नमुने आहेत, असं म्हटलं होतं. पहिले शिट्टीसर. आणि मग ती मुलगी.

मी बोटांवर मोजले. दोनच होते.

५

भूगोलाच्या खोलीबाहेर चिऊची आई स्टुलावर बसली होती. तिच्या मांडीवर लेकीचं दप्तर होतं, आणि ती दाराकडे बघत एकसारखी बोलत होती.

"उघड गं बाळा. आपण दुसरी शाळा बघू. तुला कुणाशी बोलायला नको, काही नको. घरी बस तू. मी आहे ना."

आई जीव तोडून सांगत होती, आणि जे सांगत होती ती आणखी एक कडीच होती.

मी दाराला तोंड लावलं. "चिऊ, मी वकीलबाई. बाईंनी मला सगळं सांगितलंय. त्यांनी दगा दिलेला नाही. झिपरीनंही नाही. तिचा फोन शनिवारपासून कपाटात होता, तिला पुसताच आलं नाही. तुझं भाषण कुणीतरी उचललंय."

"हिचं भाषण?" आई उठून उभी राहिली. "कसलं भाषण?"

मी तिला हातानं थांबवलं. "चिऊ, मला एकच सांग. तीन नमुने म्हटलंस. दोन इथे आहेत. मधला कोण?"

आत काहीच हललं नाही. व्हरांड्याच्या टोकाला झिपरी येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे बाई. मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला.

"दु... दुसरे." मोठा श्वास. "दुसरे हे-हेडसर."

आम्ही थांबलो. घाई करण्यासारखं जगात काही नव्हतं.

"ते 'थोडक्यात सांगतो' म्ह-म्हणाले की आम्ही... मांडी घालून बसतो. त्यांचं एक थोडक्यात सुरू झालं तेव्हा एक मु-मुलगा आठवीत होता. सं... संपलं तेव्हा तो नववीत गेला होता."

बाईंना रडता रडता हसू फुटलं. आतून आवाज थांबला, आणि मग जरा जोरात आला. चिऊ पुढचं म्हणत होती. डबा, हात धुणं, हजेरी, भांडण. पोरांनी सकाळी याच व्हरांड्यात याच ओळी म्हटल्या होत्या. शब्द तेच होते, अडखळणंही तेच. सकाळी त्या शब्दांनी तिला खोलीत कोंडलं होतं आणि आता त्याच शब्दांना धरून ती बाहेर येत होती.

आईनं दप्तर छातीशी धरलं होतं. "हिनं लिहिलंय हे?" ती मला हळूच म्हणाली. "माझ्या चिऊनं?"

६

हेडसर खिडकीतून फाटकाकडे बघत होते. मी त्यांचा कागद टेबलावर ठेवला.

"सही झाली?"

"नाही. ज्यानं हे लिहिलं त्यानं ते पानावर टाकलेलं नाही, हेडसर. लिहिणारा वेगळा, टाकणारा वेगळा."

त्यांनी कपाळ पुसलं. "लिहिणारा, टाकणारा... मला त्यात पडायचं नाही. थोडक्यात सांगतो. मुलीनं स्वतःवरच लिहिलं असलं, तरी पान झिपरीचं, जबाबदारी झिपरीची. त्यामुळे..."

"मुलीनं स्वतःवर लिहिलं, हे मी तुम्हाला कुठे सांगितलं?"

त्यांचं थोडक्यात पहिल्यांदाच खरोखर थोडक्यात संपलं.

"बाई... म्हणजे भाषेच्या बाई बोलल्या असतील."

"बाई सकाळपासून तुमच्या भीतीनं तोंड उघडत नव्हत्या. बसा." मी त्यांच्याच खुर्चीकडे हात केला. "मजकुरात तीन नमुने सांगितलेत आणि दोनच आहेत. मधला कुणीतरी काढला. पर्यवेक्षकांची शिट्टी तशीच ठेवली, त्या पोरीची लाज तशीच ठेवली, फक्त तुमची खोडी तेवढी उडवली. झिपरी तुमच्यावरची खोडी उडवेल? वर्षभर तिच्या पानावर तुमच्या कारभाराशिवाय दुसरं काय आलंय? बाईंनी टाकलं म्हणावं, तर मी त्या दिवशी जे बोलले ते बाईंना ठाऊकच नाही, आणि हा कागद माझ्या त्या बोलण्याची हुबेहूब नक्कल आहे. पर्यवेक्षकांनी टाकलं असतं तर शिट्टी गेली असती आणि तुम्ही राहिला असतात. उरलं कोण ते तुम्हीच मोजा. तुम्हाला दोन मुलींचं वाटोळं करायला काही वाटलं नाही, पण स्वतःवरची एक खोडी चारचौघांत जाऊ देववली नाही."

ते खुर्चीत टेकले. मग बोलले तेव्हा आवाज अगदी लहान झाला होता. संस्थेनं त्यांना सांगितलं होतं, हे पान बंद झालं नाही तर पुढच्या वर्षी खुर्ची रिकामी करा. जिना उघडायला माणसं मिळत नव्हती, पान बंद करायला मी देत नव्हते.

"मी कुठे जायचं होतं? आणि नाव कुठे होतं तिचं त्यात? मला वाटलं, गुपचूप वाचतील, मी पान बंद करीन, संपलं. ती अशी खोलीत जाऊन बसेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

मला त्यांची कीव आली, आणि ती आली याचाही राग आला. "तुम्ही अडकलात म्हणून दोन पोरींना आत ढकललंत. आणि त्यातल्या एकीकडून सुटकेच्या बदल्यात दुसऱ्यांची नावं मागितलीत."

"वकीलबाई," ते म्हणाले, "तुम्ही आमच्या वकील आहात. इथे झालेलं बोलणं तुम्हाला बाहेर नेता येत नाही."

ही भीती मलाही जिना चढताना वाटली होती. मी पुरेपूर विचार करून आले होते.

"मी शाळेची वकील आहे, तुमची नाही. शाळा म्हणजे त्या दोघीही आल्या. उद्या सकाळी संस्थेपुढे तुम्ही सगळं सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. व्हरांड्यात नक्कल करणाऱ्या पोरांना आईबापांसकट बोलवायचं. त्यांनी केलं ते मत मांडणं नव्हतं, छळ होता. पान राहील, तुम्हाला चावलं तरी राहील. बाईंच्या नोकरीला हात लावायचा नाही. आणि आत्ता झिपरीचा फोन द्या."

त्यांनी कपाट उघडून फोन दिला. मी सहीचा कागद फाडला नाही. तो मला संस्थेपुढे लागणार होता, म्हणून घडी करून पर्समध्ये टाकला.

७

मी परत पोचले तेव्हा कडी निघाली होती. चिऊ उंबऱ्यावर उभी होती. कपडे खडूनं माखलेले, डोळे सुजलेले. आई तिला जवळ घ्यायला पुढे झाली आणि मध्येच थांबली, कारण लेक तिच्याकडे बघत नव्हती. ती झिपरीकडे बघत होती.

झिपरीनं माझ्या हातातून फोन घेतला. "पुसू?"

चिऊनं मान हलवली. "न-नको. दे."

तिनं फोन घेतला आणि उभ्या उभ्या लिहायला लागली. मधला नमुना घातला, शेवटची ओळ घातली, आणि खाली पहिल्यांदाच स्वतःचं पूर्ण नाव घातलं. 'मागच्या बाका'वर तोवर कुणी नाव घातलं नव्हतं. आई तिच्या खांद्यावरून वाचत होती आणि तिचे ओठ हलत होते.

फोन परत देताना चिऊनं हात मागे घेतला नाही. "सकाळी," ती म्हणाली, "पोरं वा-वाचत होती. तू हसलीस?"

झिपरीला खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्या वेळी कुणीही तिला माफ केलं असतं.

"हसले," झिपरी म्हणाली. "आधी कळलं नव्हतं तुझ्यावर आहे. पण कळल्यावरही एकदा आलंच हसू. मग फार रडले."

चिऊ तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मागे फिरणार आणि कडी पुन्हा लागणार.

"कु... कुठल्या वाक्याला?" चिऊनं विचारलं.

झिपरीनं डोळे पुसले आणि सांगितलं. चिऊला ते पटलं नाही, तिच्या मते दुसरं वाक्य जास्त चांगलं होतं. दोघी तिथेच भिंतीला टेकून त्यावरून भांडायला लागल्या.